तीस अँपांचा हिवाळा

ऑर्विल डेनबीने सगळी नोकरी शहरातल्या सिग्नलचं वेळापत्रक करण्यात घालवली. कुठल्या चौकात लाल दिवा किती वेळ टिकायचा आणि हिरवा किती लवकर संपायचा, हे तो ठरवायचा. त्या चौकांत अडकलेल्या लोकांचं आपल्याबद्दल काय मत आहे हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण तो स्वतः भुयारी रेल्वेने ऑफिसला जायचा. निरोपसमारंभात त्याला एक जुना, खराखुरा सिग्नल भेट मिळाला. त्यातला फक्त लाल दिवा लागायचा.

निवृत्तीनंतर नवराबायकोने घर विकलं आणि राहायला 'मार्जोरी' नावाची बोट घेतली. मार्जोरी ही आधीच्या मालकाची बायको. बोटीचं नाव बदललं की बोटीचं वाईट होतं असं हेरन बेसिन ह्या छोट्या बंदराच्या धक्क्यावर सगळेच सांगत, आणि ऑर्विलसारखा हिशेबी माणूससुद्धा असल्या बाबतीत प्रयोग करत नाही. त्यामुळे व्हर्ना डेनबी दुसऱ्या बाईच्या नावाखाली संसार करू लागली. उन्हाळाभर तिची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. ऑन्टारिओ सरोवरावर उन्हाळ्यात कुणाचीच कशाबद्दल तक्रार नसते.

ऑक्टोबरात हौशी मंडळी आपापल्या बोटी पाण्याबाहेर काढून घरी गेली आणि धक्क्यावर बोटीतच राहणारी तेवढी उरली. त्यांनी आपापल्या बोटींवर पांढरं प्लास्टिक ताणून बसवलं, त्याला आत शिरायला चेन लावली, आणि बाहेरून पाहणाऱ्याला पाण्यावर ओळीने मोठमोठी अंडी तरंगताना दिसू लागली. आता एप्रिलपर्यंत ह्या अंड्यांतून जगायचं, ते धक्क्यावरच्या खांबातून येणाऱ्या एका जाड पिवळ्या वायरच्या भरवशावर. वायर तीस अँपांची. तीस अँप म्हणजे किती, हे ज्याला ठाऊक नाही त्याने एवढंच ध्यानात घ्यावं, की दोन हीटर लावले की पंचवीस संपतात आणि उरलेल्या पाचांत संसार करायचा असतो. त्यातलेही चार, बोटीच्या बुडाखाली पाणी ढवळत ठेवणाऱ्या पंख्याचे. तो बंद पडला तर बर्फ बोटीला मिठी मारतो, आणि बर्फाची मिठी लवकर सुटत नाही.

इतर लोक ह्या परिस्थितीला अंदाजाने तोंड देत. किटली लावताना हीटर बंद करायचा, विसरलो आणि तीसच्या वर जाऊन खांबावरच्या पेटीतला खटका पडला, तर शिव्या घालत बाहेर जाऊन तो वर करायचा. ऑर्विलला अंदाज ह्या गोष्टीचाच तिटकारा होता. त्याला मार्जोरी म्हणजे एक चौक दिसू लागली आणि सगळी उपकरणं म्हणजे चारही बाजूंनी घुसणारी वाहनं.

त्याने फ्रिजवर एक भलामोठा तक्ता चिकटवला. प्रत्येक उपकरणापुढे लाल आणि हिरवे चुंबकाचे ठिपके. किटलीला हिरवा, तेव्हा पुढच्या खोलीतल्या हीटरला लाल. पाणी तापवायच्या टाकीला हिरवा, तेव्हा दोन्ही हीटरना लाल, आणि त्या वेळात अंगावर कोट. टोस्टर आणि मायक्रोवेव्ह ही समोरासमोरून येणारी वाहनं. त्यांना एकत्र सोडायचा प्रश्नच नव्हता. व्हर्नाच्या केसांना बुधवारी आणि शनिवारी हिरवा मिळाला. एकदा तिने सोमवारी डोकं धुतलं तेव्हा तो तक्त्यापाशी उभा राहून बराच वेळ दुःखी दिसत होता. तक्त्याच्या वर त्याने अँप दाखवणारं एक काट्याचं मीटर बसवलं. काटा सतत अठ्ठावीस-एकोणतीसवर असायचा. थोडी जागा मोकळी ठेव, असं धक्क्यावर त्याला कुणीतरी सुचवलं होतं. ऑर्विलच्या मते मोकळी जागा म्हणजे वाया गेलेला रस्ता.

नोव्हेंबरच्या शेवटी, सगळं तक्त्याप्रमाणे चाललेलं असताना, खटका पडला.

बोटीतले दिवे बॅटरीवर चालतात, त्यामुळे धक्क्याची वीज गेली की अंधार होत नाही, शांतता होते. हीटरची घरघर थांबते, मायक्रोवेव्हवरचं घड्याळ विझतं, आणि नवराबायको एकमेकांकडे बघतात.

"तू किटली लावलीस?" ऑर्विलने विचारलं.

"तुझ्या सिग्नलवर लावली."

"आणखी काही चालू होतं?"

"आणखी काही?" व्हर्ना आपल्या कोपऱ्यातून न उठता म्हणाली. "आणखी काही चालू करायला तू काही शिल्लक ठेवलंयस का?"

ऑर्विल बूट, कोट, टोपी, हातमोजे असा सगळा जामानिमा चढवून बाहेर गेला. खांबावरच्या पेटीचं झाकण गोठलं होतं. त्याने त्यावर किटलीतलं गरम पाणी ओतलं. पाणी एका मिनिटात गोठलं आणि पहिल्याहून छान, नितळ असा थर झाला. शेवटी व्हर्नाचं लाटणं आणून त्याने झाकण ठोकून उघडलं.

दुसऱ्यांदा खटका पडला तो ख्रिसमसला, आणि तोही पाहुण्यांदेखत. व्हर्नाची बहीण मिल्ड्रेड आणि तिचा नवरा ग्लेन ओशावा गावाहून जेवायला आले होते. टर्कीला हिरवा, बाकी सगळ्या जगाला लाल, असा त्या दिवशीचा खास बंदोबस्त होता. तरीही टर्की अर्ध्यावर असताना ओव्हन गार झाला. वीज परत येईपर्यंत टर्की बाहेरून तपकिरी आणि आतून निरागस अशा अवस्थेत थांबून राहिली. ग्लेनने कोट घालून तिच्याकडे पाहिलं आणि आपल्या घरी दोनशे अँप येतात ही गोष्ट सहज बोलण्याच्या ओघात सांगितली. मग बर्फ उडवायच्या यंत्रांविषयी तो जे बोलायला लागला ते जाईपर्यंत थांबला नाही.

ती दोघं गेल्यावर व्हर्ना शांतपणे म्हणाली, "हे बघ ऑर्विल. आणखी एकदा खटका पडला, की मी मिल्ड्रेडच्या तळघरात राहायला जाणार. तुलाही यायचं तर ये. पण मग मार्जोरी विकायची."

ऑर्विलने ते तळघर पाहिलं होतं. खाली तपकिरी गालिचा, भिंतीला तपकिरी लाकूड, आणि वर दिवसभर ग्लेन. त्या दिवसापासून तो मीटरच्या काट्याकडे, आजाऱ्याच्या तोंडाकडे बघावं तसा बघू लागला. स्वतःचं दाढीचं यंत्र त्याने हात आखडून वापरायला सुरुवात केली. व्हर्ना मात्र आपल्या कोपऱ्यात, आपल्या विणलेल्या गादीवर बसून स्वेटर विणत असायची. ती गादी तिने स्वतः विणली होती आणि तिच्यावर दुसऱ्या कुणाला बसू देत नव्हती. निजताना ती बरोबर नेऊन पायाशी ठेवायची. बायकांचा कशावर जीव जडेल सांगता येत नाही, एवढाच ऑर्विलने त्यातून अर्थ काढला होता.

आणि अशातच जानेवारीत सूपाच्या शनिवाराची पाळी मार्जोरीवर आली.

सूपाचा शनिवार ही हेरन बेसिनची फार जुनी रीत. हिवाळ्यात दर पंधरवड्याला एका बोटीवर सगळ्यांनी जमायचं. प्रत्येकाने आपली विजेची हंडी आणायची, म्हणजे सकाळी सामान टाकलं की संध्याकाळपर्यंत पदार्थ मंद शिजत राहतो ती, आणि येताच यजमानाच्या विजेवर लावायची. मुद्दा सूपाचा नव्हताच. कुणाच्या बोटीने किती हंड्या झेलल्या, हा मुद्दा होता. हंड्या कमी झेलणारी बोट म्हणजे कोत्या मनाचं घर. इंगा नावाची ऐंशीच्या घरातली एस्टोनियन विधवा ह्या इतिहासाची राखणदार होती. तिच्या नवऱ्याने, म्हणजे हेनोने, एका हिवाळ्यात नऊ हंड्या झेलल्या होत्या आणि खटका पडला नव्हता. हेनो पुढे वारला, पण त्याच्याबद्दल सांगताना लोक नऊ हंड्यांपासूनच सुरुवात करत.

ऑर्विलने रात्रंदिवस विचार केला आणि एक धाडसी निर्णय घेतला. घरोघर, म्हणजे अंडोअंडी फिरून त्याने सगळ्यांना सांगितलं की ह्या वेळी हंड्या लावायच्या नाहीत. पदार्थ घरीच गरम करा, टॉवेलात गुंडाळा आणि आणा. अंतर चार पावलांचं आहे, काही गार होत नाही.

सगळ्यांनी माना डोलावल्या. लुबोमिर, जो युक्रेनी होता आणि दारातून नेहमी आडवा शिरायचा, तो म्हणाला की अगदी योग्य आहे. गयानाचा देझमंड म्हणाला की त्याचा पेपरपॉट, म्हणजे मांसाचं तिखट कालवण, टॉवेलात उलट जास्तच मुरतो. इंगाने ऑर्विलच्या गालावर थोपटलं. मयताच्या घरी थोपटतात तसं.

ऑर्विल निघून गेल्यावर प्रत्येकाच्या मनात एकच विचार आला. बाकीचे ऐकणारच आहेत. मग आपली एक एवढीशी हंडी, दोन अँपांची, तिने त्याचं काय जातंय.

शनिवारी संध्याकाळी पाहुणे आले. ऑर्विलने दिवाणखान्यातल्या सगळ्या सॉकेटांवर लाल टेप लावून ठेवली होती. तो दाराच्या चेनीपाशी उभा राहून एकेकाचा कोट घेत होता, आणि कोट टांगायला पाठ वळली की आलेला पाहुणा आपलं टॉवेलातलं बाळ घेऊन आत कुठेतरी नाहीसा होत होता. परत यायचा तो रिकाम्या हाताने, आणि देवळातून आल्यासारखा चेहरा करून.

थोडे लोक बसले, बाकीचे अजून येतच होते. ऑर्विलने सवयीने मीटरकडे पाहिलं. सतरा असायला हवे होते, एकवीस दिसत होते.

त्याने डोळे चोळले. फ्रिज मध्येच चालू झाला असेल असं स्वतःला सांगून त्याने हळूच फ्रिज बंद केला. काटा वीसवर आला, घटकाभर थांबला आणि चोवीसवर चढला. ऑर्विलने हसतमुखाने बॅटरीचा चार्जर बंद केला. काटा पुन्हा चढला. कुठल्या उपकरणाने सिग्नल तोडलाय हे त्याला कळेना. तक्त्यावर तर पंखा आणि दिवाणखान्यातला हीटर सोडून सगळे ठिपके लाल होते.

"ऑर्विल, बस ना जरा," इंगा म्हणाली. "चौकात उभ्या असलेल्या पोलिसासारखा काय उभा राहिलायस?"

तो मायक्रोवेव्हचा प्लग काढायला गेला आणि तिथेच सिंकखालच्या कपाटातून वाटाण्याच्या सूपाचा वास आला. कपाट उघडलं. आत, टॉवेलात गुरफटून, इंगाची हंडी तांबडा दिवा लावून शांतपणे रटरटत होती. ऑर्विलने वळून पाहिलं. इंगा छताकडे बघत होती.

मग त्याने शोध सुरू केला, पाहुणचाराच्या मिषाने. उशी आणतो म्हणून निजायच्या खोलीत गेला, तर कपड्यांच्या कपाटात, त्याच्या एकुलत्या एक चांगल्या कोटाखाली, देझमंडचा पेपरपॉट मुरत होता. पायऱ्यांखाली कुणाची तरी मक्याची आमटी होती, आणि तिच्यामागे आणखी दोन हंड्या. इंजिनाच्या खोलीत दोन हंड्या शेजारी-शेजारी बसल्या होत्या, सासरी आलेल्या जावांसारख्या. तो हात धुवायला म्हणून न्हाणीघरात गेला आणि तिथे मात्र त्याने कपाळाला हात लावला. न्हाणीत, पडद्याआड, विजेवर कॉफी उकळणारं चाळीस कपांचं पिंप उभं होतं. त्यावर लुबोमिरच्या चर्चचं नाव रंगवलेलं होतं. ते नुकतंच तापायला लागलं होतं आणि एकटं बारा अँप पीत होतं.

बाहेर येऊन ऑर्विलने लुबोमिरला बाजूला घेतलं आणि हे काय म्हणून विचारलं.

"ती हंडी नाही," लुबोमिर दुखावलेल्या आवाजात म्हणाला. "हंडी लावू नका म्हणालास, मी हंडी आणलीच नाही."

आता ह्यावर काय बोलायचं. हंड्या काढा म्हणावं तर सगळ्यांदेखत सगळ्यांची चोरी उघडी पडणार आणि डेनबी हे नाव एप्रिलपर्यंत, कदाचित कायमचं, हेरन बेसिनमध्ये कोत्या मनाचं म्हणून घेतलं जाणार. न काढाव्यात तर खटका पडणार, आणि मग तपकिरी गालिचा, तपकिरी भिंत आणि ग्लेन. ऑर्विलने दोन्हीतून जमेल तेवढा मार्ग काढला. पाण्याची टाकी त्याने आधीच बंद ठेवली होती. पुढचा हीटरही. मग एक मोठा श्वास घेऊन दिवाणखान्यातला हीटरही बंद केला. मार्जोरीवर स्वतःचं असं काही चालू उरलं नाही, फक्त बुडाखालचा पंखा. बाकी तिची सगळी वीज दुसऱ्यांची कालवणं खात होती.

गंमत म्हणजे कुणाला थंडी वाजली नाही. एवढ्या माणसांनी ती चिमुकली खोली अशी तापवली होती की देझमंडने स्वेटर काढला. हीटर बंद आहेत हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. फक्त व्हर्ना आपल्या कोपऱ्यातून, विणलेल्या गादीवरून, नवऱ्याच्या येरझाऱ्या बघत होती.

काटा एकतीसवर जाऊन थांबला. खटका लगेच पडत नाही. तो आधी थोडा विचार करतो. ऑर्विलही विचार करत होता. त्याने डोळ्यांत तेल घालून तक्ता वरून खाली वाचला. सात हंड्यांचे चौदा, पिंपाचे बारा, पंख्याचे चार. तीस भरले, पण काटा एकतीसवर होता. जेमतेम एक अँप. कुणाचा हा एक अँप? हंड्या तर सगळ्या सापडल्या होत्या.

तेवढ्यात इंगाने जेवायची हाक दिली. लोक लाजत-लाजत उठले, एकेकाने आपापली हंडी लपल्या जागेवरून काढून टेबलावर आणली, आणि दुसऱ्यांच्याही हंड्या बघून प्रत्येकाला इतरांच्या बेशिस्तीचं आश्चर्य वाटलं. ऑर्विलचा जीव भांड्यात पडणार, इतक्यात लुबोमिरने न्हाणीघरातून ओरडून सांगितलं की कॉफी झाली. त्याने मीटरकडे पाहिलं, तर पहिली हंडी उचलली जाण्याच्या अगदी आधीच काटा शून्यावर पडला होता.

खटका पडला होता. तिसरा.

आणि काहीच झालं नाही. घरघर थांबायला हीटर चालू नव्हता. विझायला मायक्रोवेव्हचं घड्याळ नव्हतं, त्याचा प्लग ऑर्विलने आधीच काढून ठेवला होता. दिवे बॅटरीवर जळत होते. लोक वाटाण्याचं सूप वाढून घेत, मिटक्या मारत, हेनोच्या नऊ हंड्यांबद्दल बोलत होते. ह्या सगळ्या बोटीत वीज गेल्याचं फक्त ऑर्विलला कळलं होतं.

निदान त्याला तसं वाटलं. मग त्याची नजर व्हर्नाकडे गेली.

व्हर्नाच्या हातातला चमचा अर्ध्यावर थांबला होता. ती जरा डावीकडे सरकली, जरा उजवीकडे सरकली. तिच्या चेहऱ्यावर, गरम पाण्याच्या टबातून कुणीतरी बूच काढावं तसा भाव पसरत गेला. तिने हळूच हात खाली नेऊन गादी चाचपली. ऑर्विलची नजर त्या हातामागोमाग खाली गेली. विणलेल्या गादीच्या टोकातून एक बारीक पांढरी वायर निघाली होती आणि बाकामागच्या सॉकेटात गेली होती. त्यावर त्याने टेप लावली नव्हती. ते सॉकेट तिथे आहे हेच तो विसरला होता.

एक अँप. नोव्हेंबरचा एक अँप. ख्रिसमसच्या टर्कीचा एक अँप. अख्खा हिवाळा तो किटलीला बोल लावत होता, आणि बायको शांतपणे तापलेल्या गादीवर बसून स्वेटर विणत होती.

व्हर्नाने वर पाहिलं. तो बघतोय हे तिने पाहिलं. तिने पाहिलंय हे त्यानेही पाहिलं. आता तिने तोंड उघडलं असतं तर मार्जोरी विकली जाणार होती. पण वीज गेल्याचं तुला कशावरून कळलं, असं कुणी विचारलं असतं तर तिला आपलं बूड साक्षीला काढावं लागणार होतं, तेही पाहुण्यांसमोर. त्याने तोंड उघडलं असतं तर बायकोची गादी उघडी पडणार होती, आणि तिसरा खटकाही.

"ऑर्विल," शेवटी व्हर्ना गोड आवाजात म्हणाली, "जरा कचरा टाकून येतोस?"

"आताच?" इंगा म्हणाली. "अजून जेवण व्हायचंय. कचरा कसला?"

"त्याला बाहेर जाऊन आल्यावर बरं वाटतं," व्हर्ना म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आणि लवकर ये. गार होतंय."

ऑर्विलने रिकामी पिशवी घेतली, दुसऱ्या हातात सूपाचा वाडगा घेतला, आणि चेन उघडून बाहेर पडला. खांबाच्या पेटीचं झाकण नेहमीसारखं गोठलेलं होतं. त्याने वाडगा त्यावर टेकवून धरला. इंगाच्या वाटाण्याच्या सूपाने किटलीला जे जमलं नव्हतं ते केलं. झाकण सुटलं, त्याने खटका वर केला, आणि उरलेलं सूप तिथेच उभ्याने पिऊन टाकलं.

आत आला तेव्हा व्हर्ना डोळे अर्धे मिटून, मांजरासारखी बसली होती. आणि इंगा चमच्याने ग्लास वाजवत उभी होती. सात हंड्या, ती जाहीर करत होती, आणि वर कॉफीचं पिंप. पिंपाला तीन हंड्या धराव्यात असं तिचं मत होतं, कारण ते सहा पट पितं आणि निम्मी सूट लुबोमिरच्या चर्चसाठी. म्हणजे दहा. हेनो ह्या जगात असता तर त्याने आज ऑर्विलचा हात हातात घेतला असता. एकच गोष्ट पक्की करायची राहिली होती.

"व्हर्ना, तू सांग. मध्ये वीज गेली होती का?"

सगळे व्हर्नाकडे बघायला लागले. ऑर्विलही. रिकामी पिशवी अजून त्याच्या हातात होती.

"छे," व्हर्ना म्हणाली. "गेली असती तर मला कळलंच असतं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. लुबोमिरने ऑर्विलला अशी मिठी मारली की बोट एका अंगाला कलली. पाहुणे गेले तेव्हा त्या दोघांनी भांडी विसळली आणि गादीबद्दल एक अक्षर काढलं नाही. मिल्ड्रेडचा फोन आला. ग्लेनने तळघरातली खोली झाडून ठेवलीय म्हणाली. व्हर्नाने तिला सांगितलं की ह्या वर्षी बोटीवर वीज फारच चांगली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑर्विल उठला तेव्हा तक्त्यावर, सगळ्यांच्या खाली, व्हर्नाच्या अक्षरात एक नवी ओळ होती. "बूड," असं लिहिलं होतं, आणि पुढे हिरव्या ठिपक्यांची रांग, सोमवारपासून रविवारपर्यंत, मध्ये एकही लाल नाही.

ऑर्विलने बराच वेळ ती ओळ पाहिली. असला सिग्नल त्याने आयुष्यात कुठल्याही चौकाला दिला नव्हता. मग त्याने वरच्या ओळीतल्या आपल्या दाढीच्या यंत्राला कायमचा लाल लावला आणि चहाला किटली ठेवली.

मार्चपर्यंत त्याची दाढी कॉलरपर्यंत आली. ती अगदी हेनोच्या दाढीसारखी दिसते, असं इंगा म्हणते.